अपघात कसा घडला? : ‘आयोवा’ युद्धनौकेची चौकशी

युद्धात माणसे मरतात हे आपण गृहीत धरतो. परंतु शांततेच्या काळात, शत्रू दृष्टिपथातही नसताना, केवळ सराव करताना सैनिक मरण पावतात तेव्हा त्याचा अर्थ कसा लावायचा? अशा मृत्यूंची बातमी वर्तमानपत्रात दहा-बारा ओळींत येते. ‘चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत’ हे तिचे ठरलेले शेवटचे वाक्य. पुढे त्या चौकशीचे काय झाले, ती कोणी केली आणि तीतून काय निष्पन्न झाले, हे सामान्य वाचकाला सहसा कळत नाही. १० ऑक्टोबर २०२४ रोजी नाशिकजवळ देवळाली येथे तोफखान्याचा सराव चालू असताना गोळ्याचा स्फोट होऊन दोन अग्निवीर मरण पावले. दोघेही माझ्याच वयाच्या आसपासचे. ती बातमीदेखील याच वाक्याने संपली होती.

अशा चौकशीत नेमके काय शोधायचे असते, हा प्रश्न ती बातमी वाचल्यापासून माझ्या मनात होता. ज्या प्रकरणाने मला त्याचे उत्तर दिले ते आपल्या देशातले नाही, अमेरिकेतले आहे, आणि घडूनही बरीच वर्षे झाली आहेत. परंतु त्यातील पहिली चौकशी, तिच्यावरील आक्षेप, दुसरी चौकशी आणि शेवटची क्षमायाचना हे सर्व उजेडात आले. म्हणून ते मुळापासून समजून घेण्यासारखे आहे.

‘आयोवा’ ही अमेरिकेची प्रचंड युद्धनौका १९४३ साली नौदलात दाखल झाली. दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियाच्या युद्धात तिने भाग घेतला. १९५८ साली तिला निवृत्त करण्यात आले, आणि १९८४ साली दुरुस्त करून पुन्हा कामावर घेण्यात आले. तिच्यावर तीन फिरते मनोरे असून प्रत्येक मनोऱ्यात तीन अशा एकूण नऊ तोफा होत्या. तोफेच्या नळीचे तोंड १६ इंच रुंद आणि नळीची लांबी सुमारे ६६ फूट. तिचा जड गोळा २,७०० पौंडांचा, म्हणजे सव्वाबाराशे किलोंचा असे. आपल्याकडे एखाद्या जुन्या किल्ल्यावर पडलेली तोफ पाहून आपण थक्क होतो. येथे नुसत्या एका गोळ्याचे वजन बारा क्विंटल होते, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे.

ही तोफ भरण्याची रीत समजल्याशिवाय पुढची हकीगत कळणार नाही, म्हणून ती थोडक्यात सांगतो. बंदुकीच्या काडतुसात गोळी आणि दारू एकाच नळकांड्यात असतात. एवढ्या मोठ्या तोफेत ते शक्य नसते. आधी गोळा आत ढकलतात. त्याच्या मागोमाग दारूने भरलेल्या रेशमी पिशव्या ओळीने ठेवतात. एकेक पिशवी चाळीस किलोंहून जड. हे ढकलण्याचे काम साखळीवर चालणारे एक ठासणी यंत्र करते. गोळा वेगाने ठासायचा असतो, कारण तो नळीत घट्ट बसला पाहिजे. दारूच्या पिशव्या मात्र अगदी हळू ढकलायच्या आणि ठरलेल्या जागी थांबायचे. नंतर तोफेचा मागचा जाड पोलादी दरवाजा बंद करतात आणि मगच बत्ती देतात. ठासणीची जुनी बंदूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. फरक एवढाच की तेथे एक माणूस हाताने ठासत असे, येथे एक नाविक तरफ ओढून यंत्राकडून ठासून घेतो. तरफ किती ओढली यावर यंत्राचा वेग ठरतो.

१९ एप्रिल १९८९ रोजी ‘आयोवा’ पोर्टो रिको बेटाच्या ईशान्येस अटलांटिक महासागरात तोफांचा सराव करीत होती. पहिल्या मनोऱ्यापासून गोळीबार सुरू झाला, पण त्याच्या डाव्या तोफेचा बार उडाला नाही. ती अडचण निस्तरण्याआधीच दुसऱ्या मनोऱ्याला तोफा भरण्याचा हुकूम मिळाला. डावी आणि उजवी तोफ भरून तयार झाली. मधल्या तोफेकडून मात्र, येथे काही अडचण आहे, आम्ही अजून तयार नाही, अशा अर्थाचा निरोप टेलिफोनवर आला. त्यानंतर काही क्षणांतच, दहा वाजायला सात मिनिटे कमी असताना, मधल्या तोफेत दारूने पेट घेतला. मागचा दरवाजा अजून उघडाच होता. सर्व ज्वाळा मनोऱ्यात घुसल्या आणि ४७ नाविक मरण पावले. दारूच्या कोठाराजवळ खाली काम करणारे बाराजण मात्र वाचले, कारण कोठार आणि मनोरा यांच्यामध्ये स्फोट अडवणारे दरवाजे होते.

नौदलाने चौकशीचे काम रिअर अ‍ॅडमिरल रिचर्ड मिलिगन यांच्याकडे सोपवले. ते स्वतः ‘आयोवा’च्या वर्गातल्याच ‘न्यू जर्सी’ या नौकेचे पूर्वीचे कप्तान होते. परंतु चौकशी सुरू होण्याआधीच एक मोठे नुकसान होऊन गेले होते. आग विझल्यावर मनोरा धुऊन साफ करण्यात आला आणि मोडलेले कितीतरी भाग नोंद न करता समुद्रात टाकण्यात आले. साधी चोरी झाली तरी पोलीस येईपर्यंत घरातल्या वस्तूंना हात लावू नये, हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. येथे ४७ माणसांच्या मृत्यूचा पुरावा पाण्यात गेला.

चौकशीत नौकेच्या कारभारातील बरेच दोष बाहेर आले. मनोऱ्यातील कित्येक नाविक आपापल्या जागेसाठी आवश्यक असलेले शिक्षण पुरे केलेले नव्हते. मधल्या तोफेचे ठासणी यंत्र चालवणारा नाविक या कामात नवखा होता. त्या दिवशी तोफेत भरलेली दारू ज्या जातीची होती तिच्या पिशव्यांवरच, २,७०० पौंडी गोळ्यासाठी वापरू नये, अशी सूचना छापलेली होती. तरीही पल्ला आणि अचूकता वाढते का हे पाहण्यासाठी, परवानगी नसलेला एक प्रयोग म्हणून, तोच गोळा आणि तीच दारू एकत्र करून भरण्यात आली होती. सहा पिशव्यांच्या जागी पाच घालण्यात आल्या होत्या.

एवढे सर्व हाती असताना चौकशीचा रोख या दोषांवर राहिला नाही. तो एका माणसावर गेला. मधल्या तोफेच्या तुकडीचा प्रमुख असलेला तरुण नाविक स्फोटात मरण पावला होता. त्याने आपल्या मित्राच्या नावे विम्याची पॉलिसी काढली होती असे कळले. मग त्याचा स्वभाव, त्याची मैत्री, त्याच्या खोलीतल्या वस्तू यांचा तपास सुरू झाला. अधिकृत अहवालाच्या आधीच वर्तमानपत्रांतून बातम्या फुटल्या. एका साक्षीदाराने दीर्घ जबानीनंतर त्याच्याविरुद्ध विधान केले आणि थोड्याच दिवसांत ते मागे घेतले. एफ.बी.आय.च्या तज्ज्ञांनी नौदलाच्या तपास खात्याने दिलेल्या कागदपत्रांवरून त्या मृत तरुणाच्या मनाचे विश्लेषण केले आणि त्याने आत्मघातासाठी हे कृत्य केले असावे असे मत दिले. आधी विजेवर चालणारे साधन वापरले असा तर्क होता. त्याचा पुरावा मिळेना, तेव्हा रासायनिक साधन वापरले असा तर्क पुढे आला. गोळ्याच्या खोबणीत सापडलेले काही परके पदार्थ हा त्याचा आधार. सप्टेंबर १९८९ मध्ये नौदलाने जाहीर केले की हा स्फोट बहुधा त्या नाविकाने जाणूनबुजून घडवला.

या निष्कर्षाने सगळेच प्रश्न सोपे होत होते. तोफ निर्दोष, दारू निर्दोष, आणि प्रयोगाची परवानगी नसली तरी मृत्यूंशी तिचा संबंध नाही. ज्याच्यावर आळ होता तो उत्तर द्यायला हयात नव्हता. परंतु मृत नाविकांच्या नातेवाइकांना हे पटले नाही, आणि अमेरिकेच्या काँग्रेसलाही पटले नाही. प्रतिनिधिगृहाच्या समितीने मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेला एफ.बी.आय.चे विश्लेषण तपासायला सांगितले. तेथील बहुतेक तज्ज्ञांनी ते अमान्य केले. मार्च १९९० मध्ये या समितीने आपल्या अहवालाच्या शीर्षकातच हे तपासाचे अपयश असल्याचे म्हटले. सिनेटच्या समितीमार्फत सांडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांना तांत्रिक बाजू पुन्हा पाहण्यास सांगण्यात आले. त्यांचे प्रमुख होते रिचर्ड श्वोबेल.

या शास्त्रज्ञांनी विचारलेला प्रश्नच वेगळा होता. हे कोणी केले असेल, असे त्यांनी विचारले नाही. अशा परिस्थितीत दारू आपोआप पेटू शकते का, असे विचारले. गोळ्याच्या खोबणीत सापडलेले पदार्थ समुद्राच्या पाण्यातून, तोफ साफ करण्याच्या द्रवातून आणि नेहमीच्या वापरातल्या इतर वस्तूंतून तेथे येऊ शकतात, असे त्यांना आढळले. म्हणजे रासायनिक साधनाचा आधार गळून पडला. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची होती. तोफेतील खुणांवरून दिसले की पिशव्या थांबण्याच्या ठरलेल्या जागेपेक्षा सुमारे दोन फूट पुढे, थेट गोळ्याच्या बुडाला जाऊन भिडेपर्यंत ठासल्या गेल्या होत्या.

आता पिशवीची रचना पाहू. तिच्यात दारूच्या जाड कांड्या उभ्या रचलेल्या असतात. सर्व पिशव्यांचे वजन सारखे व्हावे म्हणून वरच्या बाजूला थोड्या कांड्या आडव्या ठेवतात. पिशवीच्या दुसऱ्या टोकाला चटकन पेट घेणाऱ्या काळ्या दारूची गादी शिवलेली असते. पिशव्या एकामागे एक ठेवल्या की एकीच्या आडव्या कांड्या दुसरीच्या काळ्या दारूला टेकतात. हळू ढकलल्या तर काहीच होत नाही. पण त्या वेगाने आदळून चेपल्या गेल्या आणि आडव्या कांड्या मोजक्याच असल्या, तर त्या मोडून त्यांच्या ठिणग्या काळ्या दारूवर पडू शकतात. हा होता शास्त्रज्ञांचा तर्क.

नुसता तर्क मांडून ते थांबले नाहीत. डालग्रेन येथील नौदलाच्या केंद्रात प्रत्यक्ष प्रयोग घेण्याची त्यांनी मागणी केली. पाच पिशव्यांची उतरंड रचायची आणि ठासणीच्या वेगाइतका धक्का बसेल अशा रीतीने ती वजनाखाली आदळायची. सतरा वेळा काहीही झाले नाही. २४ मे १९९० रोजी अठराव्या वेळी स्फोट झाला. त्याच दिवशी नौदलाने आपल्या सर्व १६ इंची तोफांचा गोळीबार थांबवला आणि चौकशी पुन्हा उघडली.

या सतरा फेऱ्यांविषयी वाचताना मी बराच वेळ थांबलो. कोणी दहाव्या फेरीनंतर ‘पाहा, काही होत नाही’ म्हणून प्रयोग आवरता घेतला असता, तर त्या मृत तरुणाच्या नावावरचा डाग आजही तसाच राहिला असता. सुरक्षिततेच्या नियमांची गोम नेमकी हीच आहे. नियम मोडला की लगेच अपघात होतो असे नाही. सतरा वेळा मोडला तरी काही होत नाही, म्हणून तो निरुपयोगी वाटू लागतो. अठरावी वेळ कोणती, हे आधी कोणालाच ठाऊक नसते.

१७ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेचे नौदल प्रमुख अ‍ॅडमिरल फ्रँक केल्सो यांनी जाहीर केले की त्या नाविकाने हे कृत्य केल्याचा स्पष्ट पुरावा नाही. त्यांनी त्याच्या कुटुंबीयांची क्षमा मागितली. मात्र स्फोटाचे नेमके कारण ठरवता येत नाही, अशीच नौदलाची भूमिका राहिली. अतिठासणी हेच संभाव्य कारण, असे शास्त्रज्ञांचे मत होते. ‘आयोवा’ त्याआधीच, ऑक्टोबर १९९० मध्ये, पुन्हा निवृत्त झाली होती. तिचा दुसरा मनोरा कधीच दुरुस्त केला गेला नाही. २०१२ पासून ती लॉस एंजेलिसच्या बंदरात संग्रहालय म्हणून उभी आहे.

याच नौकेच्या इतिहासात आणखी एक प्रसंग आहे. नोव्हेंबर १९४३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट तिच्यावरून प्रवास करीत असताना सोबतच्या ‘विल्यम डी. पोर्टर’ या विनाशिकेने सरावात ‘आयोवा’वर नेम धरून पाणतीर सोडण्याचे सोंग केले. सरावाआधी पाणतिराच्या नळीतील बत्तीची टोपी काढून ठेवायची असते. एका नळीतली टोपी तशीच राहिली आणि खरा पाणतीर सुटला. ‘आयोवा’ने वेळीच दिशा बदलली म्हणून अनर्थ टळला. एक टोपी काढणे किंवा एक तरफ हळू ओढणे ही किती क्षुल्लक कामे! पण शस्त्रांच्या व्यवहारात सारी सुरक्षितता अशा क्षुल्लक कामांवर उभी असते. म्हणून तेथे प्रत्येक कृतीला क्रम असतो. एकाने केलेले काम दुसऱ्याने पाहायचे असते, आणि न उडालेला बार निस्तरल्याशिवाय पुढे जायचे नसते.

हे मला पुस्तकी वाटले नाही, कारण माझे वडील कित्येक वर्षे विहिरींच्या कामावर सुरुंग भरत होते. तेथे ना कप्तान, ना अ‍ॅडमिरल. पण नियम तेच. जिलेटिनची कांडी भोकात सारताना लोखंडी पहार वापरायची नाही. लाकडी दांडक्याने, तेही हळू दाबायचे. बत्ती देण्याआधी वाटेवर तांबडे फडके घेऊन माणूस उभा करायचा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बार मोजायचे. सात सुरुंग लावले आणि सहाच आवाज आले, तर विहिरीत उतरायचे नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावात विहिरीवर एक मजूर सुरुंगाने मेला. गावात लगेच बोलबाला झाला की तो पिऊन आला होता. ज्याचे काम होते त्या ठेकेदाराला कोणी काही विचारले नाही. मजुराच्या बायकोच्या हाती काही पडले नाही, उलट नवऱ्याची बदनामी मात्र आयुष्यभर वाट्याला आली. आमच्या ओट्यावर हा विषय निघाला तेव्हा वडील एवढेच म्हणाले, “त्यानं घेतली हुती का नव्हती, मला ठावं न्हाई. पर आदल्या दिशी बार किती मोजलं, ते कुणी इचारलं का?” माझे वडील शाळेत गेलेले नाहीत. परंतु सांडियाच्या शास्त्रज्ञांनी जो प्रश्न विचारला तोच त्यांनी विचारला, असे मला आता वाटते.

आपल्या लष्करात अपघातानंतर जी चौकशी होते तिला ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ म्हणतात. १९५४च्या सेना नियमांतील १७७व्या नियमाप्रमाणे तिचे काम पुरावा गोळा करणे आणि सांगितल्यास अहवाल देणे हे आहे. ते शिक्षा देणारे न्यायालय नव्हे. १८०वा नियम आणखी एक गोष्ट सांगतो. चौकशीमुळे एखाद्या सैनिकाच्या चारित्र्याला किंवा लौकिकाला बाध येणार असेल, तर त्याला संपूर्ण चौकशीत हजर राहण्याची, आपले म्हणणे मांडण्याची आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची पुरी संधी दिली पाहिजे. हा नियम मला फार न्याय्य वाटतो. पण तो वाचताना एक विचार मनातून जात नाही. अपघातात जो मरण पावला तो हजर कसा राहणार, आणि उलटतपासणी कशी घेणार?

त्याच्या वतीने हे काम चौकशी करणाऱ्यालाच करावे लागते. कोणाचा दोष, हा प्रश्न विचारूच नये असे माझे म्हणणे नाही. निष्काळजीपणा केलेल्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु तो प्रश्न आधी विचारला की उत्तर फार लवकर सापडते, आणि बहुधा ते सर्वांत दुबळ्या किंवा मेलेल्या माणसापाशी सापडते. ते सापडले की तोफ, दारू, हुकूम, शिक्षण, घाई हे सारे तसेच राहते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसरा तरुण येऊन उभा राहतो. तो सुखरूप घरी परतावा असे वाटत असेल, तर अपघात कसा घडला हे आधी शोधले पाहिजे. सतरा वेळा काही सापडले नाही तरी अठराव्यांदा शोधले पाहिजे.